दिवे मंद झाले, असं आई म्हणाल्या

वाचकाचा प्रश्न

चिपळूण तालुक्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र. नाव छापू नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून गोषवारा देतो.

त्यांच्याकडे वडिलांची २००८ सालची, पेट्रोलवरची, चार सिलिंडरची छोटी गाडी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गाडी आता ताईच चालवतात आणि महिन्यातून दोनदा बहात्तर वर्षांच्या आईला तपासणीसाठी कराडला नेतात. गेल्या जूनमध्ये कुंभार्ली घाट चढताना गाडीने अचानक गचके दिले. पाच-दहा सेकंद गाडी अडखळली आणि मग काही झालंच नाही अशी चालू लागली. तेव्हापासून हे अधूनमधून होतंय. जुलैत प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली, तरी गचके राहिले. ऑगस्टमध्ये बॅटरी बदलली आणि दीड महिना गाडी सरळ चालली. सप्टेंबरअखेर पुन्हा तेच झालं, म्हणून ऑक्टोबरात पेट्रोल पंप बदलला. जानेवारीत दोन फेऱ्या बिनघोर झाल्या. त्याआधी डिसेंबरात मात्र बहादूरशेख नाक्याजवळ गाडी खड्ड्यात आदळली आणि तिने दोन गचके खाल्ले. या पावसात तर तीनदा झालं. तीन गॅरेजं झाली, अठरा हजार रुपये गेले. स्कॅनर लावला तर त्यात काही दिसलं नाही. एकजण म्हणाला इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतंय, दुसरा म्हणाला गाडीचं वय झालं. भाऊ म्हणतो, विकून टाक.

पत्राच्या शेवटी ताई लिहितात: "याला काही नियमच नाही हो. कधीही होतं. गॅरेजला नेलं की गाडी शहाण्यासारखी चालते आणि मीच खोटी पडते. २०२१ च्या पुरात गाडीत सीटपर्यंत पाणी आलं होतं, पण ते काम तेव्हाच विम्यातून झालं. आईला वाटतं की गचका बसतो तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात, पण तिच्या नजरेचा भरवसा नाही. मला फसवतायत का? गाडी विकू का?"

उत्तर

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती, आणि तुम्ही सहज लिहून गेलेल्या चार वाक्यांखाली मी रेघा मारल्या. तुम्ही म्हणता नियम नाही. मला तुमच्या पत्रात नियम दिसतोय, फक्त तो तारखांमध्ये विखुरलेला आहे.

बघा. गचके बसतात ते कराडला जाताना, म्हणजे शिरगाव-पोफळी ओलांडून घाट चढताना. परतीच्या उतारावर बसल्याचं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. बसतात ते जून ते सप्टेंबर. कोरड्या दिवसांत एकदाच बसले, तेही गाडी खड्ड्यात आदळल्यावर. आणि बॅटरी बदलल्यावर, म्हणजे ऐन ऑगस्टात, कोकणातला पाऊस धो-धो कोसळत असताना, गाडी दीड महिना सरळ चालली. चढ, ओल, हादरा आणि बॅटरीपाशी लागलेला कुणाचा तरी हात या चार गोष्टी ज्या बिघाडाला एकत्र लागू पडतात, असे बिघाड फार नसतात.

त्यात आईंचं म्हणणं. नजरेचा भरवसा नाही असं तुम्ही लिहिलंत, पण तुमची नजर तेव्हा रस्त्यावर होती, वळणावर होती, समोरून येणाऱ्या एसटीवर होती. आई शेजारी बसून डॅशबोर्डकडे पाहत होत्या. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्यांचं आहे. त्यांना आज एवढंच विचारा: दिवे गचक्याच्या आधी मंद झाले की नंतर? इंजिन अडखळून फेरे अगदी खाली गेले तर दिवे नंतर मंद होऊ शकतात, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असताना दिवे मंद झाले आणि लगेच गचका बसला, तर बिघाड पेट्रोलमध्ये किंवा प्लगमध्ये शोधण्यात अर्थ नाही. वीज कुठेतरी अडते आहे.

कुठे, ते सांगतो. गाडीत बॅटरीच्या अधिक टोकापासून वायरी सगळीकडे जातात, पण परत येणारी वीज बहुतेक ठिकाणी वायरीतून येत नाही, गाडीच्या पत्र्यातून येते. बॅटरीचं उणे टोक एका जाड केबलने पत्र्याला आणि इंजिनला जोडलेलं असतं. गॅरेजात त्याला अर्थिंग म्हणतात. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, म्हणजे पत्र्यापासून ते तसं तुटलेलंच असतं. त्याला बांधणारी ही एक-दोन केबलं किंवा तारांच्या विणलेल्या पट्ट्याच असतात. चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा इंजिन त्या रबरी पायांवर जागच्या जागी थोडं कलतं आणि पट्टी ताणली जाते. पट्टीच्या टोकाशी गंज असेल, आतल्या तारा तुटत आल्या असतील किंवा बोल्ट सैल असेल, तर त्या क्षणी जोड सुटल्यासारखा होतो. पावसाळ्यात घाटात धुकं असतं, म्हणून हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं एकदम चालू असतं. त्या सगळ्याची वीज त्याच जोडातून जायला बघते. जानेवारीत यातलं काहीच चालू नसतं.

आता पुराकडे येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर ज्या गाड्या दुरुस्त झाल्या, त्यांची सीटं काढून धुतली गेली, ऑइल बदललं गेलं, बंद पडलेले भाग नवीन आले. पण सीटखालून, दाराच्या कडेने, चटईखालून जाणाऱ्या वायरिंगचे सगळे कपलर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे खटके, उघडून गाळ काढणं हे दोन-तीन दिवसांचं चिकाटीचं काम असतं, आणि घाईच्या दिवसांत ते राहून जातं. तांब्यावर हिरवा गंज सावकाश चढतो. पाणी ओसरल्यावर तीन-चार वर्षं गाडी छान चालते आणि मग एका पावसाळ्यात सुरुवात होते. म्हणून "ते काम तेव्हाच झालं" या वाक्यापाशी मी थांबलो.

ताई, माझा अंदाज चुकीचाही ठरू शकतो. इतक्या लांबून पत्रावरून गाडी दुरुस्त होत नाही. पण अंदाज कसा तपासायचा ते सांगता येतं, आणि ते पंप बदलण्यापेक्षा खूप स्वस्त आहे.

आधी एक वही करा. वहीची पंधरा पानं मेकॅनिकला जे सांगतील ते कुठलाही स्कॅनर सांगणार नाही. गचका बसला की गाडी सुरक्षित जागी थांबल्यावर लिहा: तारीख, वेळ, पाऊस होता का, गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, चढ की सपाट, कितवा गिअर, काय काय चालू होतं, पेट्रोलचा काटा कुठे होता. आणि एकच गोष्ट नीट आठवून लिहा: जोर हळूहळू कमी होत गेला, की कुणी बटण बंद करून पुन्हा चालू केल्यासारखं झालं? पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी दम सोडते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ लागत नाही, मग धक्के सुरू होतात. वीज तुटते तेव्हा धक्का एकदम बसतो आणि एकदम थांबतो. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो. लिहायचं काम आईंना दिलंत तर आणखी बरं, त्यांचे हात मोकळे असतात.

मग मल्टीमीटर. दोन-चारशे रुपयांत साधा मिळतो, आणि तुमच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बहुधा असेलच. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर चालू करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या उणे टोकाच्या शिशावर टेकवा. वरच्या क्लॅम्पवर टेकवू नका, शिशावरच. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, रंग किंवा तेल नसेल अशा जागी. आकडा शून्याच्या जवळ हवा. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत ठीक आहे, अर्धा व्होल्ट आला तर चोर सापडला. आकड्यामागे उणे चिन्ह आलं तरी घाबरू नका, आकडाच पाहा. मग लाल पिन इंजिनवरून काढून गाडीच्या पत्र्यावर टेकवा आणि तेच बघा. शेवटी कुणाला तरी ती जाड केबल लाकडी काठीने हलवायला सांगा आणि आकडा उडी मारतो का ते पाहा. पट्टे, पंखा, ओढणी, साडीचा पदर यांच्यापासून फार जपा. पंखा अचानक सुरू होतो.

या तपासणीत आकडा चांगला आला, तर वीज पुढे कुठे अडते ते पाहायचं. इग्निशन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट झिजले असतील तर जड जुडगा लटकवलेली किल्ली खड्ड्यात हलते आणि क्षणभर वीज तुटते. घराच्या, कपाटाच्या, शाळेच्या किल्ल्या त्याच जुडग्यात असतील तर आजच सोडवा, याला पैसे लागत नाहीत. मग मेन रिले, म्हणजे इंजिनची वीज चालू-बंद करणारा स्विच, आणि फ्यूज बॉक्सची मागची बाजू. मग इंजिन कंप्युटरचा कपलर. हा काही गाड्यांत आत पायाशी, चटईच्या वरच असतो, म्हणजे पुरात बुडालेल्या भागात. हे काम मेकॅनिकपेक्षा गाड्यांचं वायरिंग करणारा चांगलं करेल. कपलर उघडायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पिना नीट घट्ट बसतात का बघायचं, वाळवायचे आणि परत लावायचे. आणि उंदरांनी कुठे वायर कुरतडली आहे का तेही त्याला बघायला सांगा. भातकापणीनंतर गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

ओलीचं दुसरं कारणही आहे आणि ते मी डावलत नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असताना एकेक प्लग सेकंदाला पंचवीस वेळा ठिणगी टाकतो. चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा तीच ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. ठिणगीसाठी हे व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलला किंवा प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरीला बारीक तडा असेल, तर ती वीज प्लगपर्यंत न जाता ओलसर तड्यातून जवळच्या पत्र्यावर उडी मारते. सपाटीवर कमी व्होल्टेजमध्ये भागतं, म्हणून गॅरेजच्या दारात गाडी शहाणी असते. हे पाहायचं असेल तर रात्री अंधारात, बॉनेट उघडून, इंजिन सुरू ठेवून झाडांवर मारतो त्या स्प्रेने कॉइलच्या भागात पाण्याचा हलका फवारा मारायला सांगा. निळ्या रेषा नाचताना दिसल्या तर दोष तिथे. हे स्वतः करू नका, मेकॅनिककडून करून घ्या. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात. पण हे कारण धरलं तर आईंना दिसलेले मंद दिवे आणि बॅटरी बदलल्यावरचा सरळ दीड महिना, दोन्हींचा हिशेब लागत नाही. म्हणून ते माझ्या यादीत दुसरं आहे.

बॅटरी बदलली तेव्हा काय झालं असेल? नवीन बॅटरी बसवताना कुणीतरी टर्मिनल काढले, पुसले, पुन्हा आवळले. केबलही हलली, थोडी नव्या जागी बसली. गुण आला तो बॅटरीमुळे, असं सगळ्यांना वाटलं. जुनी बॅटरी कदाचित ठीकही असेल. यावरूनच सांगतो, गाडीत एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलताना आणखी कशाला हात लागला तेही विचारून लिहून ठेवा.

स्कॅनरला काही दिसलं नाही, म्हणून दोष नाही, हे मात्र मनातून काढा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीच्या कंप्युटरनेच बिघाड ओळखून नोंदवण्याची पद्धत, बंधनकारक झालं. त्यात एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल न पेटता राहतंय का यावर सतत नजर ठेवणं येतं. तुमची गाडी त्याआधीची आहे. तिचा कंप्युटर ठरावीक सेन्सरचे सिग्नल बघतो आणि बिघाड काही काळ टिकला तरच नोंद करतो. पाच सेकंदांचा गचका त्यातून निसटतो. शिवाय अशा जुन्या गाड्यांत बॅटरीची वायर काढली की आधीच्या नोंदी पुसल्या जातात, आणि तुमची बॅटरी तर बदललेली आहे. स्कॅनरचा खरा उपयोग गाडी चालू असताना चालते आकडे बघण्यात आहे. सोबत बसून, घाटात.

इथेनॉलबद्दल बरेच वाचक विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं. २००८ सालच्या गाडीचे रबरी पाइप आणि सील एवढं इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते, हे खरं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणार. ते टाकीतला जुना मळ सोडवतं, फिल्टर चोंदू शकतो. ते ओल शोषतं, म्हणून पावसाळ्यात महिना-महिना उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी रिकामी ठेवू नये. पाइपांना चिरा आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे वर्षातून एकदा बघून घ्या. पण ताई, इथेनॉलमुळे डॅशबोर्डचे दिवे मंद होत नाहीत. आणि त्याच टाकीतल्या पेट्रोलवर गाडी संध्याकाळी पाटणवरून कोयनानगरपर्यंत निमूट परत येते.

मला फसवतायत का, असं तुम्ही विचारलंत. तीन गॅरेजवाल्यांना मी ओळखत नाही. पण बत्तीस वर्षं स्वतः गॅरेज चालवल्यावर एक गोष्ट मनापासून सांगतो. माझ्याकडेही एक गाडी अशीच चारदा आली होती. मी तिची कॉइल बदलली, पैसे घेतले, गाडी परत आली. चौथ्यांदा बॅटरीचा ट्रे काढला तेव्हा खालची अर्थिंगची केबल बोल्टाशी जवळजवळ कुजलेली मिळाली. ती बदलायला अर्धा तास लागला. कॉइलचे पैसे मी परत केले, पण त्या माणसाचे चार महिने परत करता आले नाहीत. त्याला फसवायचं माझ्या मनातही नव्हतं. मी सकाळी दहा वाजता, कोरड्या रस्त्यावर, दोन किलोमीटरचा फेरा मारून निकाल दिला होता आणि त्याचं पूर्ण ऐकून घेतलं नव्हतं.

आपल्याकडे गिऱ्हाईक पार्टचे पैसे देतं, शोधण्याचे देत नाही. मेकॅनिकने दोन तास डोकं लावून एक बोल्ट आवळला, तर दोनशे रुपये मागायला त्यालाच संकोच वाटतो. पंप बदलला की बिल करता येतं. त्यामुळे तुम्ही आधीच सांगा: "दोष शोधायचे पैसे मी वेगळे देईन. न विचारता काही बदलू नका. काढलेला भाग मला परत द्या." आणि वही समोर ठेवा. पावसाच्या सकाळी त्याला सोबत घेऊन शिरगावच्या पुढे चढ चढा, तुम्ही चालवा, तो मीटर धरून शेजारी बसेल. याला जो तयार होईल तो तुमचा मेकॅनिक. "मॅडम, तुम्हाला नाही कळायचं" असं जो म्हणेल, त्याच्याकडून किल्ली परत घ्या. गाडीत बसता तुम्ही, त्यामुळे साक्ष तुमचीच आहे.

दुसऱ्या वाचकांसाठी थोडं, कारण सगळ्यांचे गचके सारखे नसतात. गाडी गरम झाल्यावर, ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने एकदम बंद पडत असेल, फेऱ्यांचा काटा झटक्यात शून्यावर येत असेल आणि वीस मिनिटं थांबल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर क्रँकचा (इंजिनच्या मुख्य दांड्याचा) सेन्सर किंवा कॉइल तापल्यावर दगा देत असावी. फक्त सिग्नलला उभं असताना थरथर आणि वेग घेतल्यावर सगळं सुरळीत, तर कुठेतरी हवा ओढली जातेय, फाटलेला व्हॅक्युम पाइप बघा. लांब चढावर जोर हळूहळू उतरत जातो आणि टाकी पावच्या खाली असताना जास्त होतो, तर पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज लावून बघायला सांगा. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. कमी पेट्रोलवर गाडी फिरवायची सवय पंपाला मारते. टाकीचं झाकण उघडल्यावर जोरात फुस्स आवाज होऊन हवा आत जात असेल आणि मग गाडी सरळ चालत असेल, तर हवेचा मार्ग तुंबलाय. कोणत्याही गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी धक्के मारत असेल, तर तसंच दामटत नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन तो जळतो, आणि ते काम फार महागात जातं.

आता गाडी विकायचं. तुम्ही लिहिलंत, "इतके पैसे घातलेत, आता सोडवत नाही." गेलेले अठरा हजार गाडी ठेवण्याचं कारण होऊ शकत नाहीत, आणि विकण्याचंही नाही. ते गेले. पुढचा खर्च किती, एवढंच बघायचं. अर्थिंग आणि कपलरचं काम एक-दोन दिवसांचं आहे. तिथे दोष मिळाला तर गाडी ठेवा. पण वायरिंगवाल्याने चटई उचलली आणि सगळा हार्नेस, म्हणजे गाडीभर फिरणारा वायरींचा गठ्ठा, हिरवा पडलेला निघाला, तळाचा पत्रा बोटाने दबायला लागला, तर मी तुम्हाला थांबा म्हणेन. हार्नेस बदलण्याचा खर्च त्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. गाडीला पंधरा वर्षं २०२३ मध्ये झाली, तेव्हा तुम्ही पर्यावरण कर भरून पाच वर्षांचं नूतनीकरण केलं असेल. म्हणजे २०२८ ला पुन्हा आरटीओत जावंच लागेल. ही तारीख निर्णयासाठी चांगली आहे, भावाच्या फोनपेक्षा चांगली. विकलीत तर घेणाऱ्याला पूर आणि गचका दोन्ही सांगा. उद्या त्या घाटात त्याची आई असेल.

गाडी बाबांची आहे, हे तुम्ही एकदाच लिहिलंत, पण पत्रभर ते जाणवतं. ठेवावीशी वाटणं यात चूक काही नाही. फक्त गाडी ठेवायची की नाही, आणि आईंना त्या गाडीतून आत्ता न्यायचं की नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं माझं उत्तर स्पष्ट आहे: दोष सापडून, ओल्या दिवसात दोन फेऱ्या बिनगचक्याच्या होईपर्यंत नेऊ नका. तोपर्यंत एसटी किंवा भाड्याची गाडी. कुंभार्लीच्या वळणावर, धुक्यात, मागे ट्रक असताना इंजिन बंद पडणं हा धोका पंधराशे-दोन हजार वाचवण्यासाठी घेण्यासारखा नाही.

आणि तरीही कधी घाटात इंजिन बंद पडलंच, तर घाबरून किल्ली पूर्ण मागे फिरवू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम एक-दोन दाबांपुरताच उरतो, मग पेडल दगडासारखं कडक होतं. म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच जोर लावून दाबा आणि धरून ठेवा. स्टिअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी फिरवा. आतल्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकामागे दगड लावा. आईंना उतरवून गाडीपासून लांब, डोंगराच्या बाजूला उभं करा. मदतीसाठी ११२. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची सवय असेल तर आजपासून बंद.

पुढच्या तपासणीची तारीख तुम्ही लिहिली नाहीत, पण मधे एखादा रविवार नक्की येईल. त्या दिवशी इंजिन बंद, किल्ली काढलेली ठेवा आणि बॉनेट उघडा. बॅटरीच्या टर्मिनलला बहुधा दहा नंबरचा पाना लागतो. आधी उणे सोडवायचं, जोडताना ते शेवटी जोडायचं. टर्मिनल आतून काळं किंवा पांढरट दिसलं तर पॉलिश पेपरने चकचकीत करा. मग तिथून निघणारी काळी जाड केबल बोटाने चाचपत शेवटपर्यंत जा, ती पत्र्याला जिथे बोल्टाने लागली आहे तिथपर्यंत, आणि तिथून इंजिनपर्यंत. बहुतेक वेळा हा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली, मातीत लपलेला असतो. पुसण्याआधी तिथला एक फोटो काढा आणि मला पाठवा.